हॅण्डलच्या पोटातील तार : सीमाभागातील जुन्या मोटारसायकलींचा एक दुर्लक्षित धागा

बेळगाव-निपाणी परिसराच्या इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे मोडीचे रुमाल, देसाई-इनामदारांच्या सनदा, देवळांतील शिलालेख आणि अलीकडच्या काळातील सीमाप्रश्नाची कागदपत्रे उभी राहतात. घरच्या पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवलेली आजोबांची मोटारसायकल हेही इतिहासाचे साधन असू शकते, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्ही प्रस्तुत लेखात त्या मोटारसायकलीच्याही एका फार लहान भागाचा विचार करणार आहोत. हॉर्नच्या बटनापासून आणि दिव्याच्या डिपरपासून निघणारी तार हॅण्डलच्या बाहेरून नेलेली आहे की पोटातून, एवढाच तो प्रश्न आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या तारेवरून गेल्या काही वर्षांत आमच्या पाहण्यातील एकाहून अधिक घरांत भावाभावांत वाद झाले आहेत.

चाकाच्या व्यवसायाशी बेळगावचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलविक्रीचा व्यवसाय बेळगावात सुरू केला तो १८८८ साली. पुढे त्याच गावात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती कथा सर्वांना ठाऊक आहे. सायकलीच्या हॅण्डलला त्या काळी ब्रेकची दांडी, घंटा आणि फार तर तेलाचा दिवा असे. पहिल्या मोटारसायकलींचीही स्थिती फार निराळी नव्हती. दिवा कार्बाइडच्या वायूवर जळे, भोंगा रबरी फुग्याचा असे आणि ठिणगीसाठी मॅग्नेटो हे यंत्र स्वतःपुरती वीज स्वतःच उत्पन्न करी. हॅण्डलवरून जात त्या बोडनच्या पोलादी केबली. क्लचची, ब्रेकची, ठिणगी पुढेमागे करण्याची. विजेची तार असलीच तर इंजिन बंद करण्याच्या बटनाची एक. इंग्लंडमधील त्या काळच्या काही गाड्यांत हॅण्डलच्या टोकाशी उलट्या तोंडाचे लिव्हर बसवून केबली नळीच्या पोटातून नेण्याची पद्धत होती. अमेरिकन हार्ले-डेव्हिडसनने तर मुठीतील मळसूत्र आणि त्याची तार नळीतच दडवली होती. म्हणजे नळीच्या पोटाचा उपयोग करण्याची कल्पना विजेच्या तारेहून जुनी आहे.

विजेचा दिवा आणि विजेचा हॉर्न १९२० नंतरच्या दशकात रुळले. लुकास कंपनीच्या मॅगडायनोने ठिणगीचा मॅग्नेटो आणि बॅटरी भरणारा डायनॅमो एकाच जोडगोळीत बसवले. सहा व्होल्टची बॅटरी आली. दोन तारांच्या बल्बमुळे दिव्याचा झोत खाली-वर करता येऊ लागला. झोत बदलायचा तर हात मुठीवरून सोडणे धोक्याचे, म्हणून डिपर हॅण्डलवर आला आणि त्याच्याशेजारी हॉर्नचे बटन. येथून आपल्या विषयाला खरा प्रारंभ होतो.

ब्रिटिश कारखान्यांनी या तारा बहुधा बाहेरूनच नेल्या. हॅण्डलला पत्र्याची पट्टी आवळून स्विच बसवायचा, तारेवर कापडी किंवा रबरी वेष्टण घालायचे आणि ती नळीला चाप वा पट्ट्यांनी बांधत दिव्यापर्यंत आणायची. यात दुरुस्तीची सोय होती. तार तुटली तर रस्त्याच्या कडेला बसून जोडता येई. युद्धकाळातील लष्करी गाड्यांसाठी तर हे आवश्यकच होते. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए.ची एम-ट्वेंटी, नॉर्टनची सिक्स्टीन-एच, मॅचलेसची जी-थ्री-एल अशा गाड्या फार मोठ्या संख्येने तयार झाल्या. एकट्या एम-ट्वेंटीची संख्या सव्वा लाखाच्या आसपास सांगतात. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराची इतकी टंचाई झाली की या गाड्यांच्या मुठी कॅनव्हासच्या आणि पाय ठेवण्याच्या दांड्या उघड्या लोखंडाच्या करण्यात आल्या. ज्या काळी मुठीला रबर मिळेना, त्या काळी तारेच्या भोकाला रबरी कडे कोण लावणार?

युद्ध संपल्यावर यांतील पुष्कळ गाड्या ‘डिस्पोजल’मध्ये निघाल्या. बेळगाव हे लष्करी छावणीचे आणि मराठा पलटणीच्या केंद्राचे गाव. त्यामुळे लष्करी गाडी येथे नवलाची नव्हती आणि ती दुरुस्त करू शकणारे हातही येथे होते. छावणीच्या वर्कशॉपांत काम शिकलेले मिस्त्री बाहेर पडून खडेबाजार, शहापूर, टिळकवाडी अशा भागांत दुकाने थाटून बसले. निपाणीत तंबाखूचा व्यापार तेजीत होता. वखारीचा मालक किंवा त्याचा थोरला मुलगा चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल अशा टापूत माल पाहण्यासाठी सतत फिरे. पुणे-बंगळूर रस्ता होता, पण आडगावी जाणारे रस्ते मातीचे होते. मोटारीपेक्षा स्वस्त आणि घोड्यापेक्षा वेगवान अशी ही खाकी रंगाची गाडी त्या व्यापाराला मानवली.

येथे एक गोष्ट तरुण वाचकांसाठी सांगितली पाहिजे. सीमा हा शब्द आमच्या भागात १९५६ मध्ये जन्मला नाही. निपाणी ब्रिटिश मुलखात आणि शेजारचे कागल कोल्हापूर संस्थानात. बेळगाव ब्रिटिशांचे आणि त्याला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानाचे. सकाळी निपाणीहून निघालेला व्यापारी दुपारपर्यंत दोन राजवटींची माती चाकाला लावून परत येई. १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा काही काळ सर्व एक झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला; त्याच वेळी चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. गाड्यांच्या क्रमांकांनीही ही वाटचाल केली. मुंबई राज्याचा क्रमांक गेला, ‘एम.वाय.’ने सुरू होणारा म्हैसूरचा आला. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले. पुढे बेळगावला ‘केए-२२’ आणि चिकोडीला, पर्यायाने निपाणीला, ‘केए-२३’ मिळाला. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले होते. तो अहवाल अमलात आला नाही आणि २००४ पासून प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आहे. असो. आपण हॅण्डलकडे वळू.

कारखान्याने बाहेरून नेलेली तार आमच्या भागात आत का गेली? कारण फॅशनचे नव्हते. निपाणीच्या एका जुन्या व्यापारी घराण्यातील एम-ट्वेंटीचे कागद वाचून देण्यासाठी आम्हांला बोलावण्यात आले होते; सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे जुन्या शिक्क्यांचे वाचन करावयास लोक आम्हांला बोलावतात. त्या गाडीच्या हॅण्डलला डाव्या मुठीजवळ खालच्या बाजूस एक लांबट भोक होते आणि मध्यभागी दुसरे. घरातील वयोवृद्ध काकांनी त्याचे कारण सांगितले. त्यांचे वडील तंबाखूच्या पानांचे नमुने पिशवीत घालून पिशवी हॅण्डलला अडकवीत. पिशवीचा बंद रोज तारेवर घासे, कापडी वेष्टण फाटे आणि स्तवनिधीच्या घाटात ऐन वळणावर दिवा विझे. एकदा दोनदा असे झाल्यावर बेळगावच्या मिस्त्रीने तार नळीच्या पोटातून नेऊन दिली. हे काम १९५८ च्या सुमाराचे असे काका सांगतात. त्यानंतर पिशवी आणि दिवा दोन्ही सुखात राहिले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. हॅण्डलची नळी बाहेरून पाऊण इंचाहून थोडी जाड, म्हणजे सात-अष्टमांश इंच; पत्र्याची जाडी वजा जाता आत बोट शिरेल एवढीच पोकळी. तीत चारपाच तारा वळणावळणाने न्यावयाच्या. भोक कोठे पाडावे यावरच मिस्त्रीची पारख होई. हॅण्डल ज्या ठिकाणी वाकवलेले असते तेथे पाडू नये आणि ज्या ठिकाणी चापात आवळलेले असते तेथेही नाही. दोन्ही ठिकाणी नळीवर ताण अधिक, आणि भोकाच्या कडेपासून चीर सुरू झाली की एखाद्या खड्ड्यात हॅण्डल हातात यावयाचे. भोक नळीच्या खालच्या अंगास हवे, म्हणजे पावसाचे पाणी आत उतरत नाही, उतरलेच तर बाहेर पडते. बेळगावच्या पावसाळ्यात याचे महत्त्व कोणास सांगावयास नको. भोक गोल न पाडता दोन लहान भोके शेजारी पाडून मधला पत्रा गोल कानशीने काढायचा, म्हणजे नळीच्या लांबीला समांतर असे लांबट भोक होते आणि तार तिरपी, सावकाश वळण घेऊन आत शिरते. कडा आतून बाहेरून घासून इतकी गुळगुळीत करायची की बोट फिरवले तर खरचटू नये, मग तीत रबराचे कडे बसवायचे. आणि हे सर्व नळीला निकेल किंवा क्रोम चढवण्यापूर्वी. चढवून झाल्यावर भोक पाडले तर त्या कडेपासून गंज सुरू होतो आणि क्रोमच्या खाली पसरतो.

तार आत ओढण्याची युक्ती आम्हांस विशेष वाटली. मजबूत दोऱ्याच्या टोकाला लहान नट बांधून तो मधल्या भोकातून आत सोडायचा आणि हॅण्डल गाडीवरून उतरवून तिरपे करीत, हलवीत नट खडखडत मुठीच्या टोकाकडे न्यायचा. वळण फार असेल तर सायकलची जुनी चेन उपयोगी पडते, कारण तिची कडी दुमडते पण गुंतत नाही. दोरा आला की त्याला तारा बांधायच्या. त्यांची टोके एकाच ठिकाणी न बांधता एकामागे एक मागेपुढे बांधायची, म्हणजे गाठ जाड होत नाही. वर शंखजिऱ्याची पूड चोळायची, आणि एकाने ओढायचे, दुसऱ्याने सारायचे. ओढणारा एकटा असला की तारेचे वेष्टण सोलले जाते, हे ठरलेले. त्या काळी तारेचे रंग दोनच, तांबडा आणि काळा. त्यामुळे कोणती तार कशाची हे ओळखण्यासाठी टोकाला गाठी मारीत. हॉर्नला एक, डिपरला दोन, तीन. नळी पुष्कळ दिवस उघडी पडलेली असेल तर प्रथम सळई घालून पाहावी. कुंभारमाशी अशा पोकळीत मातीचे घर करते आणि ते इतके घट्ट बसते की अर्धा दिवस त्यातच जातो.

यानंतरही एक भानगड उरते. हॅण्डल वळते आणि दिवा त्याबरोबर वळतो, पण बॅटरी सांगाड्यावर असते. म्हणून तार जेथे हॅण्डलमधून बाहेर येते तेथे हॅण्डल दोन्ही अंगांना पूर्ण वळवून पाहून पुरेशी सैल ठेवावी लागते. ती ताणली गेली तर हळूहळू तुटते आणि जास्त सैल सोडली तर चापात चिरडते. जुन्या माणसांना आठवत असेल की काही गाड्या डावीकडे वळल्या की आपोआप हॉर्न वाजवीत. लोक हसत, मिस्त्री मात्र लगेच ओळखे की तारेचे वेष्टण नळीच्या कडेला कापले गेले आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्नच्या बटनाला एकच तार येते आणि परतीचा मार्ग हॅण्डलच्या लोखंडातूनच असतो. बटन दाबले की तार लोखंडाला टेकते आणि मंडल पूर्ण होते. तार आत घासून लोखंडाला टेकली तरी तेच घडते. उलट, हॅण्डलच्या मानेतील छऱ्यांमध्ये ग्रीस भरपूर असले किंवा हॅण्डल रबरावर बसवलेले असले तर परतीचा मार्गच क्षीण होतो आणि बटन दाबूनही हॉर्न घोगरा वाजतो. त्यासाठी जाणकार मिस्त्री परतीची एक वेगळी तार सांगाड्यापर्यंत नेई. बॅटरीजवळ फ्यूज घालण्याची काळजीही तोच घेई. बाहेरची तार जळली तर धूर दिसतो. नळीतील जळली तर बाजूच्या तारांना घेऊन जळते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आणखी एक घोळ ध्रुवांचा. ब्रिटिश गाड्यांत १९५० च्या सुमारास बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याची चाल आली, त्यापूर्वी ऋण टोक जोडीत. लष्करी गाडीला नव्या गाडीचे ज्ञान लावणाऱ्याने किती डायनॅमो बिघडवले असतील, त्याची गणती नाही.

पुढे कारखान्यांनीच तारेची लांबी कमी केली. ट्रायम्फने १९४९ मध्ये दिवा, स्विच आणि मीटर यांना एकाच पत्र्याच्या आवरणात घेतले. एनफील्डनेही तसेच आवरण केले आणि १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटवर ते आले, त्यावरील दोन लहान ‘टायगर’ दिव्यांसह. १९६१ मध्ये म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडू लागली. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीची ही गाडी मूळ चेकोस्लोव्हाकियाची. जानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव झाले. तिचे हॅण्डल दिव्याच्या आवरणातूनच दोन्ही बाजूंना बाहेर पडते, त्यामुळे बाहेर दिसणारी तार असून नसून वीतभर. आमच्या भागातील लोक आता म्हैसूर राज्याचे नागरिक झाले होते, आणि म्हैसूर राज्याने आम्हांला मनापासून आवडेल अशी काही वस्तू दिली असेल तर ती जावा होय, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. १९७३ पासून ती ‘येझदी’ या नावाने निघू लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला.

जपानी कारखान्यांनी १९६० नंतर दोन्ही मुठींवर अनेक बटनांचे जोडस्विच बसवले आणि पुष्कळ गाड्यांत त्यांच्या तारा हॅण्डलला कारखान्यातच भोके ठेवून आतून नेल्या. आपल्याकडे १९८४-८५ पासून जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सी.सी.च्या गाड्या आल्या आणि प्लास्टिकचे जोडस्विच स्वस्त झाले. मग जुन्या बुलेट आणि बी.एस.ए.वरही तेच चढले. चार तारांच्या जागी दहा-बारा तारा आल्या, हॅण्डल जटाधारी दिसू लागले आणि त्या जटा नळीत कोंबण्याची हौस सुरू झाली. आज जुनी गाडी ‘नव्यासारखी’ करून देणारे पुष्कळ कारागीर तार आत घालणे हे आपल्या कामाचे भूषण मानतात. गाडी दिसते सुरेख. परंतु ज्या गाडीची तार तिच्या कारखान्याने बाहेर ठेवली होती, तिची तार आज केवळ शोभेसाठी आत घालणे म्हणजे जुन्या बखरीतील मजकूर सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून मूळ कागद फेकून देण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

मग निपाणीच्या त्या एम-ट्वेंटीचे काय? तेथील वाद नेमका याच्या उलट होता. पुण्यास राहणाऱ्या पुतण्याने गाडी पूर्णपणे कारखान्यातून निघाली तशी करावयाचे ठरवले होते. हॅण्डलला भोक नव्हते, म्हणून भोके वेल्डिंगने बुजवून, घासून, वर खाकी रंग द्यावा आणि तार बाहेरून न्यावी, असा त्याचा आग्रह. काकांचे म्हणणे असे की भोक वडिलांनी पाडून घेतले आहे, ते बुजवू देणार नाही.

पुतण्याच्या आग्रहाला कायद्याचे निमित्त होते. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली. राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीस २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणास ५ हजार. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती किंवा रॅलीसारख्या प्रसंगीच रस्त्यावर आणावयाची, रोजच्या वापरास नाही. मूळ स्वरूप म्हणजे काय, हे सांगताना नियमाने सांगाडा, बाह्य साटा आणि इंजिन यांतील बदलांचा उल्लेख केला आहे. हॅण्डलमधील भोकाचा नाही. आम्ही नियमाचा मजकूर दोघांसमोर वाचला आणि भोकामुळे नोंदणी अडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही, असे सांगितले. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो, हेही त्या नियमात आहे. काकांना आनंद झाला तो या दुसऱ्या गोष्टीचा. म्हैसूर राज्याच्या क्रमांकाची ती पाटी त्यांच्या वडिलांनी स्वतः रंगवली होती.

पुतण्याचा युक्तिवाद मात्र कायद्यापुरता नव्हता, आणि तो आम्हांस अगदीच टाकाऊ वाटला नाही. गाडीचा इतिहास म्हणजे ती ज्या कारखान्यात बनली तेथील इतिहास, असे तो म्हणे. बर्मिंगहॅमच्या कामगाराने ती जशी बांधली तशीच राखणे हे प्रामाणिकपणाचे. याला उत्तर एवढेच की ती गाडी बर्मिंगहॅममध्ये फार तर काही आठवडे होती आणि निपाणीत सत्तर वर्षांहून अधिक काळ. कारखान्याच्या स्थितीतील एम-ट्वेंटी पाहावयाची तर जगभरच्या संग्रहांत पुष्कळ आहेत. तंबाखूच्या पिशवीसाठी तार आत घेतलेली एम-ट्वेंटी निपाणीखेरीज कोठे मिळणार?

जुन्या गाडीचे हॅण्डल हाती आले असता भोक कारखान्याचे की नंतरचे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कारखान्याच्या भोकाच्या आतील कडेवर रंग किंवा निकेल पोहोचलेले असते. नंतरच्या भोकाची कड उघड्या लोखंडाची, गंजलेली असते. मिस्त्रीने भोक पाडून मग पुन्हा रंग दिला असेल तर कडेवर रंगाचे थर मोजावेत. नळीवर तीन थर आणि कडेवर एक, असे दिसले की भोक शेवटच्या रंगाच्या वेळचे. निपाणीच्या हॅण्डलवर नळीला चार थर होते, सर्वांत खाली खाकी. भोकाच्या कडेवर खाकी नव्हता, त्यावरील काळा होता. म्हणजे गाडी लष्करातून सुटून पहिल्यांदा काळी रंगवली गेली तेव्हाच किंवा त्याआधी थोडे, हे काम झाले. नोंदणीपुस्तकात रंग ‘काळा’ असा बदल १९५८ मध्ये नोंदलेला आम्ही स्वतः वाचला, आणि काकांची आठवण कागदाशी जुळली. पुतण्या त्या दिवशी बराच वेळ भिंग घेऊन त्या कडेकडे पाहत होता.

हॅण्डल पुन्हा काळे रंगवण्यात आले, खाकी नव्हे. भोके तशीच राहिली. त्यांत नवी रबरी कडी बसली. नळीतून जुनी तार काढली तेव्हा कापडी वेष्टण हातातच सुटले, पण टोकाच्या गाठी शाबूत होत्या. नवी तार ओढताना बाजारात पाच रंग मिळत असूनही पुतण्याने तांबडी आणि काळी एवढ्याच आणल्या, आणि ओढण्यापूर्वी काकांकडून गाठी मारून घेतल्या; हॉर्नला एक, डिपरला दोन आणि तीन.